इशीचे धनुष्य

लहानपणी धनुष्य केले नाही, असे मूल आपल्याकडे विरळाच. सीतास्वयंवराची कथा ऐकून घरी यावे, बांबूची एक कांब मिळवावी, तिच्या दोन्ही टोकांना सुतळी ताणून बांधावी आणि खराट्याच्या काडीचा बाण करून तो परसातल्या पेरूच्या झाडावर सोडावा, हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आमचे धनुष्य मात्र दोन दिवसांहून अधिक टिकत नसे. एक तर कांब वाकलेली ती वाकलेलीच राही आणि सुतळी सैल पडे; नाही तर जोराने ओढताच ती कडकन मोडे. असे का होते, हे आम्ही कोणास विचारले नाही. त्याचे उत्तर मला फार वर्षांनी, एका दूरदेशीच्या माणसाची हकीकत वाचताना मिळाले. त्या हकीकतीत धनुष्य घडविण्याची विद्या आहे. आणि त्या विद्येहूनही मोठे असे काही आहे. मुलांनो, तीच हकीकत आज तुम्हांला सांगावयाची आहे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ओरोव्हिल नावाचे गाव आहे. १९११ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या २९ तारखेस तेथील खाटीकखान्याच्या कुंपणापाशी एक अनोळखी माणूस आढळला. वय सुमारे पन्नास. अंगावर एक फाटके वस्त्र, पोट खपाटीला गेलेले, डोक्यावरचे केस जाळून आखूड केलेले. केस जाळणे ही त्याच्या समाजातील सुतकाची खूण होती. पण हे त्या वेळी कोणास ठाऊक असणार? त्याची भाषा कोणास कळेना. लोकांचा त्रास होऊ नये म्हणून गावच्या अधिकाऱ्याने त्याला तुरुंगाच्या कोठडीत नेऊन ठेवले.

ही बातमी वर्तमानपत्रांत वाचून विद्यापीठातील वॉटरमन नावाचे एक अभ्यासक तेथे आले. त्या प्रदेशातील मूळ रहिवाशांच्या ‘याना’ भाषेतील शब्दांची एक यादी त्यांच्याजवळ होती. ते एकेक शब्द वाचू लागले. तो माणूस थकलेल्या चेहऱ्याने ऐकत होता. ओळखीचे कोणतेच चिन्ह दिसेना. शेवटी वॉटरमन यांनी ‘सिविनी’ हा शब्द उच्चारला आणि कोठडीतील खाटेच्या लाकडावर बोटाने टकटक केले. ‘सिविनी’ म्हणजे पिवळा पाइन वृक्ष. त्या माणसाचा चेहरा एकदम उजळला. त्यानेही खाटेवर बोट ठोकले आणि तोच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारला. दोन जगांतील माणसांची पहिली ओळख पटली ती अशी एका लाकडाच्या नावाने!

त्याच्या समाजात माणसाने स्वतःचे नाव स्वतःच्या तोंडाने सांगू नये, असा दंडक होता. ते सांगणारा दुसरा कोणी आता उरला नव्हता. म्हणून अभ्यासकांनी त्याला ‘इशी’ म्हणावयास सुरुवात केली. इशी म्हणजे त्याच्या भाषेत ‘माणूस’. त्याचे खरे नाव अखेरपर्यंत कोणास कळले नाही.

दुसरा कोणी उरला नव्हता, असे का झाले? १८४८ साली कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि पुढच्याच वर्षापासून सोन्याच्या आशेने गोऱ्या लोकांच्या झुंडी तिकडे लोटल्या. इशीचे लोक याना समूहाच्या ‘याही’ या शाखेचे. डोंगरातील ओढ्यांच्या काठी राहून सॅमन मासे पकडावेत, हरणे मारावीत आणि ओकची फळे कुटून त्यांचे पीठ करावे, असे त्यांचे जीवन होते. नव्या वसाहतींमुळे शिकार हटली, नद्या गढुळल्या, उपासमार सुरू झाली आणि मग झटापटी होऊ लागल्या. १८६० नंतरच्या काही वर्षांत बंदूकधारी टोळ्यांनी या लोकांच्या वस्त्यांवर हल्ले करून बायकामुलांसह त्यांची कत्तल केली. जे मूठभर वाचले, ते सुमारे चाळीस वर्षे झुडपांच्या दाटीत लपून राहिले. १९०८ साली जमिनीची मोजणी करणारी एक तुकडी त्यांच्या शेवटच्या वस्तीवर अवचित जाऊन पोचली. त्या वेळी तेथे चारच माणसे उरली होती. ती भयाने पांगली. जी चालू शकत नव्हती ती इशीची वृद्ध आई तेवढी मागे राहिली. मोजणीदारांनी तिला इजा केली नाही. पण परत जाताना कुतूहलापोटी पांघरुणे, भांडी, धनुष्ये, बाण असे सारे उचलून नेले. त्यांच्या दृष्टीने त्या मौजेच्या वस्तू होत्या. त्या चौघांच्या दृष्टीने ते जगण्याचे साधन होते. पुढे थोड्याच काळात इशी एकटा उरला.

अशा माणसाच्या मनात गोऱ्या लोकांविषयी द्वेष भरून राहिला असता, तर त्यास कोण दोष देणार? परंतु इशीने काय केले, ते पाहा.

त्याला सॅन फ्रान्सिस्को येथे विद्यापीठाच्या वस्तुसंग्रहालयात आणण्यात आले. तेथे त्याला राहावयास जागा आणि मदतनिसाचे काम मिळाले. रविवारी संग्रहालयात येणाऱ्या लोकांना तो बाण व बाणाची पाती करून दाखवी. जित्याजागत्या माणसास असे प्रेक्षणीय करणे योग्य होते काय, हा प्रश्न आज विचारला जातो आणि तो विचारला जावयासच हवा. इशी मात्र त्या गर्दीकडे शांतपणे पाही आणि आपले काम मन लावून करी. शेजारीच विद्यापीठाचे रुग्णालय होते. १९१२ साली तेथे सॅक्स्टन पोप नावाचे शल्यवैद्य अध्यापक म्हणून आले. इशीच्या प्रकृतीची काळजी घेता घेता त्यांचा स्नेह जमला. इशी त्यांना लाडाने ‘पोपी’ म्हणे. काही शब्द याही भाषेतले, काही मोडक्या इंग्रजीतले आणि बाकी सारे हातांच्या हालचालींचे, अशी त्या दोघांची बोली तयार झाली. या बोलीत इशीने पोप यांना धनुष्य घडविण्याची विद्या शिकविली.

इशी धनुष्यासाठी डोंगरातील जुनिपर या सूचिपर्णी वृक्षाचे लाकूड पसंत करी. अखंड खोड न तोडता तो झाडाची फांदी फोडून घेई आणि तिचा बाहेरचा, सालीलगतच्या कोवळ्या लाकडाचा भाग वापरी. लांबी ठरविण्यास त्याच्यापाशी पट्टी नव्हती. त्याचे शरीर हीच त्याची पट्टी. हात बाजूला आडवा पसरावा आणि त्या हातापासून विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत जे अंतर भरेल, तेवढे धनुष्य लांब. पोप यांनी मोजले तेव्हा ते ४२ इंच भरले. आपल्याकडेही वीत, हात, वाव ही मापे शरीरावरूनच आली आहेत. अशा मापाचा गुण हा, की वस्तू ज्याची त्याच्या अंगास बरोबर बसते.

मग खरवडणे आणि वालुकाश्मावर घासणे सुरू होई. धनुष्याच्या मध्यभागी मूठ. ती अरुंद पण जाड, सव्वा इंच रुंद आणि पाऊण इंच जाड. मुठीच्या दोन्ही अंगांस दोन बाहू. प्रत्येक बाहू मध्यावर सर्वांत रुंद, म्हणजे सुमारे दोन इंच, पण जाडीला अवघा अर्धा इंच. तेथून टोकाकडे तो पुन्हा निमुळता होत जाई. मूठ वाकावयाची नाही, बाहूंनी वाकावयाचे, हे या मापांतच ठरलेले असे.

यानंतरचे काम नाजूक. एक दगड चांगला तापवावा, धनुष्याचे टोक त्यावर टेकवावे आणि लाकूड उष्णतेने मऊ झाले की ते टोक हळूहळू उलट्या दिशेने, म्हणजे धनुर्धरापासून दूर, वळवावे. दोन्ही टोके अशी वळवून इशी ते धनुष्य दुसऱ्या लाकडास दोऱ्यांनी आवळून बांधी आणि अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवून देई. किती दिवस? निकड असेल तर काही महिने. नसेल तर काही वर्षेही. ओले लाकूड घाई खपवून घेत नाही, हे तो जाणत होता.

टोके उलटी वळविण्याचा उपयोग काय? साध्या, सरळ काठीच्या धनुष्यात दोरी ओढावयास लागताना जोर फार थोडा लागतो. तो पुढे पुढे वाढत जातो. टोके उलटी असली की दोरी चढवितानाच बाहू अधिक वाकवावे लागतात, म्हणून ती मुळातच घट्ट ताणलेली असते आणि ओढण्यास आरंभापासूनच जोर लागतो. जेवढे श्रम हाताने ओढताना केले, तेवढे धनुष्यात साठतात आणि दोरी सोडताच त्यांतील पुष्कळसा भाग बाणास मिळतो. म्हणून अशा वळणाचे आखूड धनुष्यही लांब धनुष्याच्या तोडीचे काम करते. दाट झुडपांत, गुडघे टेकून शिकार करणाऱ्यास आखूड धनुष्यच सोयीचे.

परंतु आखूड धनुष्य फार वाकवावे लागते आणि येथेच ते मोडण्याचे भय असते. धनुष्य वाकले म्हणजे त्याच्या दोन बाजूंवर दोन निरनिराळे भार पडतात. धनुर्धराकडील बाजूस धनुष्याचे पोट म्हणतात. ते दाबले जाते. समोरची बाजू ही पाठ. ती ताणली जाते. पाठीवरचा एखादा तंतू तुटला की तेथे चीर पडते आणि ती क्षणात आरपार जाते. पोट प्रमाणाबाहेर दाबले गेले तर लाकूड पुन्हा सरळ होत नाही. आमची बांबूची कांब कधी मोडत असे आणि कधी वाकलेलीच राहत असे, त्याचे कारण हेच!

जुनिपरचे लाकूड दाब चांगला सोसते. ताण मात्र त्यास तितका सोसत नाही. यावर इशीच्या पूर्वजांनी शोधलेला उपाय पाहून आजचा यंत्रशास्त्रज्ञही मान डोलावील. त्यांनी पाठीला दुसरी पाठ दिली. हरणाच्या पायात मांस व हाड यांना जोडणाऱ्या चिवट शिरा असतात. त्यांना आपण तात म्हणतो. ही तात ताणास लाकडापेक्षा पुष्कळच बळकट. इशी प्रथम सॅमन माशाची कातडी उकळून सरस तयार करी. आपल्याकडचे सुतार लाकूड सांधण्यासाठी जो सरस वापरीत, त्याच जातीचा हा. धनुष्याची पाठ मुद्दाम खरबरीत करून तीवर तो सरसाचा लेप देई. मग ताती दातांनी चघळून मऊ करी, त्यांचे तंतू सुटे करी आणि ते एकावर एक, टोकांवर टोके चढवून पाठभर दाट बसवी. टोकांशी तो तातीचा वेढा पुरा भोवती घेई. हे सारे वाळेपर्यंत सुटू नये म्हणून वाळुंजाच्या जातीच्या झाडाच्या सालीच्या लांब पट्ट्या वर घट्ट गुंडाळी. काही दिवसांनी पट्ट्या सोडावयाच्या, कडा साफ करावयाच्या, सरसाचा आणखी एक हात द्यावयाचा, वालुकाश्माने घासून गुळगुळीत करावयाचे आणि मुठीवर चार इंचभर हरणाच्या कातड्याची अरुंद वादी गुंडाळावयाची, की धनुष्य तयार. दोरीही तातीचीच, बारीक तंतू चघळून, पिळून केलेली, अवघी इंचाचा आठवा भाग जाड.

एवढ्या खटपटीने केलेल्या या धनुष्याची ओढ सुमारे ४५ पौंड भरली आणि त्यातून सुटलेला बाण सुमारे २०० यार्ड जाई. जगात याहून बळकट धनुष्ये आहेत. पण इशीला दूरवर बाण फेकण्याची हौस नव्हती. सावजाच्या अगदी जवळ, त्यास चाहूल न लागता जाऊन पोचणे, हे त्याचे खरे कसब. दोन बोटे ओठांशी नेऊन तो सशाच्या पिलासारखा आवाज काढी आणि ससे आपण होऊन त्याच्याकडे येत.

धनुष्याविषयी त्याच्या मनात मोठा आदर असे. दोरी चढवून ठेवलेले किंवा उभे करून ठेवलेले धनुष्य थकते, त्याला घाम येतो, असे तो म्हणे. काम झाले की दोरी उतरवावी आणि धनुष्य आडवे निजवावे. कोणी ते ओलांडून जाऊ नये. मुलांनी व स्त्रियांनी त्यास हात लावू नये. यांतील काही समजुती त्या समाजाच्या होत्या, त्या आपण स्वीकारण्याचे कारण नाही. साताऱ्याच्या आदिती स्वामीने २०२३ साली बर्लिन येथे धनुर्विद्येचे जागतिक अजिंक्यपद मिळविले, हे तुम्ही जाणताच. पण धनुष्य थकते, हे म्हणणे खोटे नव्हे. सतत ताणात ठेवलेल्या लाकडाचे बळ खरोखरच ओसरते. आणि हत्यार ओलांडू नये, ही शिकवण तर खंडेनवमीस अवजारांची पूजा करणाऱ्या आपल्या लोकांना परकी वाटू नये.

चांगले धनुष्य गाते, असेही इशी सांगे. दोरी चढविलेल्या धनुष्याचे एक टोक उघड्या तोंडाच्या कोपऱ्याशी धरून तो दोरीवर बाणाने हलकेच आघात करी. त्यातून मधुर नाद निघे. त्या नादावर तो एका वीराची गोष्ट गाई. त्या वीराने सूर्यावर बाण सोडून त्याचा प्रकाश विझविला. पृथ्वीवर अंधार पडला. माणसे थंडीने काकडू लागली आणि तगून राहण्यासाठी त्यांना पिसे फुटली. आपले बंधू पक्षी जन्मले ते असे!

१९१४ साली इशी पोप आणि इतर मित्रांबरोबर आपल्या जुन्या डोंगरात जाऊन आला. जेथे त्याची माणसे मारली गेली, जेथे तो लपून राहिला, त्या जागा त्याने त्यांना दाखविल्या. पुढे त्यास क्षयाने गाठले आणि २५ मार्च १९१६ रोजी त्याचा मृत्यू झाला. दहनाच्या वेळी मित्रांनी त्याच्याजवळ त्याचे एक धनुष्य, पाच बाण आणि ओकच्या फळांच्या पिठाची एक टोपली ठेवली. पण त्यापूर्वी एक गोष्ट घडून गेली होती. त्याच्या देहाची चिरफाड होऊ नये असे त्याचे स्नेही क्रोबर यांनी दूरगावाहून कळविले होते. ते पत्र पोचण्यास उशीर झाला. त्याचा मेंदू शास्त्राच्या नावाने वेगळा काढून जपून ठेवण्यात आला. तो कॅलिफोर्नियातील त्याच्या आप्त जमातींच्या स्वाधीन होण्यास २००० साल उजाडावे लागले. ज्ञानाची हाव माणुसकीच्या पुढे धावली म्हणजे काय होते, हे यावरून समजावे.

इशी गेला, पण त्याचे धनुष्य गेले नाही. पोप यांनी त्याची सारी कृती, मापांसकट, लिहून १९१८ साली प्रसिद्ध केली आणि स्वतः आयुष्यभर धनुष्ये घडविली. त्यांच्या लेखनाने अमेरिकेत पुष्कळांना या कलेची गोडी लागली. आजही कोणी तेथे लाकडावर तातीचे तंतू बसवितो, तेव्हा त्या हातांमागे पुष्कळदा इशीचे हात असतात. मात्र ज्या भाषेत तो धनुष्यास ‘मानी’ म्हणे, ती भाषा घरात बोलणारे कोणी उरले नाही. हाताची विद्या हाताने घेता आली. मनाचा ठेवा तेवढा घेता आला नाही.

ज्या लोकांनी इशीच्या आप्तांचे प्राण घेतले आणि त्याच्या वस्तीतून धनुष्येही उचलून नेली, त्याच लोकांपैकी एकाला त्याने ते धनुष्य घडविण्यास शिकविले. हे शिकविताना त्याने मोल मागितले नाही आणि मागचा हिशेबही काढला नाही. लाकूड ताण सोसू शकत नाही म्हणून त्याने त्यास तातीची पाठ दिली. पण एवढे दुःख सोसून न मोडणाऱ्या त्याच्या स्वतःच्या मनास कशाची पाठ होती? मुलांनो, या प्रश्नाचे उत्तर मी देत नाही. तुमच्या गावात बुरूड, सुतार, कुंभार, कोष्टी असा एखादा वृद्ध कारागीर असेल, तर त्याच्यापाशी जाऊन बसा, त्याच्या हातांकडे पाहा आणि त्याच्या तोंडचे शब्दही ऐका. मग ते उत्तर तुम्हांला कदाचित सापडेल.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘इशी’ या शब्दाचा अर्थ काय?
(आ) इशी धनुष्याची लांबी कशी ठरवी?
(इ) सरस कशापासून तयार केला जाई?

२. पुढील प्रश्नांची चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) धनुष्याची टोके उलट्या दिशेने वळविण्याचा उपयोग कोणता?
(आ) धनुष्याच्या पाठीस तातीचा थर देण्याची गरज का पडते?
(इ) मोजणीदारांनी उचलून नेलेल्या वस्तू ‘मौजेच्या’ आणि ‘जगण्याच्या’ अशा दोन्ही कशा ठरल्या?

३. ‘हाताची विद्या हाताने घेता आली, मनाचा ठेवा तेवढा घेता आला नाही.’ या वाक्याचा आशय तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
पोट खपाटीला जाणे, चाहूल लागणे, मान डोलावणे, स्वाधीन करणे.

५. पाठातील लाकूडकामाशी संबंधित शब्दांची यादी करा. तुमच्या गावातील सुताराकडून असे आणखी दहा शब्द मिळवून तीत भर घाला.